‘मग आपण वेगळं कशाला करायचं, बाई?’

पत्र: नाशिकमधल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या शिक्षिकेने लिहिलं आहे. वर्गात ३६ मुलं. यंदा शाळेने कचरा कमी करण्याचा उपक्रम त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी वर्गात दोन डबे ठेवले, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. महिनाभर मुलांनी हौसेने कचरा वेगळा केला. एके दिवशी शाळा सुटताना एका मुलीने पाहिलं, की सफाईच्या मावशी दोन्ही डबे एकाच गोणीत रिकामे करताहेत. दुसऱ्या दिवशी तिने भर वर्गात विचारलं, ‘मग आपण वेगळं कशाला करायचं, बाई?’ बाईंना उत्तर सुचेना. ‘आपण आपलं काम नीट करायचं,’ असं म्हणून त्यांनी धडा पुढे सुरू केला. तेव्हापासून निळ्या डब्यात केळीची सालं दिसू लागली आहेत. जानेवारीत ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन आहे. गेल्या वर्षी त्यासाठी पालकांनी थर्माकोल, चमकी, कोल्ड्रिंकच्या बाटल्या असं सगळं नवं विकत आणलं आणि प्रदर्शन संपल्यावर ते कचऱ्यात गेलं. वर्गातल्या एका मुलाची आई भंगार गोळा करते. उपक्रम सुरू झाल्यापासून मुलं त्याला ‘कचरेवालीचा’ म्हणून चिडवतात. शिवाय एका आजींची तक्रार आली आहे, की निर्माल्यावरून नातू त्यांना टाकून बोलला. बाई विचारतात, आठ वर्षांच्या मुलांना हे शिकवायची घाई होतेय का? की प्रदर्शन उरकून मोकळं व्हावं?

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मुलीपाशी थांबले. तुमच्या वर्गात ती सगळ्यांच्या पुढे गेली आहे. बाकीच्यांनी डब्यात कचरा टाकला आणि त्यांचं काम झालं. हिने डब्यानंतर काय होतं ते पाहिलं. ‘टाकलं’ म्हणजे वस्तू संपली, असं आपण मोठी माणसंही धरून चालतो. ती पुढे कुठे जाते, कुणाच्या हातात पडते, हे बघायला आपण मान वळवत नाही. तिने वळवली.

म्हणून तिच्याकडे परत जा. ‘त्या दिवशी तू विचारलंस ते बरोबर होतं. मला उत्तर माहीत नव्हतं. आपण मिळून शोधू,’ एवढं म्हणा, आणि भर वर्गात म्हणा, कारण प्रश्नही भर वर्गात आला होता. मी पंचवीस वर्षं प्राथमिकच्या वर्गांवर काढली. बाईंना एखादी गोष्ट माहीत नाही हे कळलं म्हणून मुलांच्या मनातून बाई उतरल्या, असं मी कधी पाहिलं नाही. प्रश्न दाबला की मात्र मुलं आतून दूर जातात. निळ्या डब्यातली केळीची सालं तेच सांगताहेत.

पण वर्गात हे बोलण्याआधी मावशींशी बोला. तुमच्या चार पानांच्या पत्रात मावशी एकाच वाक्यात येतात, आणि त्या वाक्यात त्यांच्याकडून चूक झालेली आहे. डबे आणले त्या दिवशी त्यांना कुणी काही विचारलं होतं का? मला आमच्या शाळेतल्या मावशी आठवतात. चौदा खोल्या, दोन मजले, शाळा सुटल्यावर हातात पाऊण तास आणि कचऱ्यासाठी मिळालेली गोणी एकच. आम्हीही असेच रंगीत डबे आणले होते, आणि तिथेही असंच झालं होतं. शेवटी एकदा त्यांच्याशेजारी पायरीवर बसून विचारलं, ‘मावशी, तुम्हाला कसं सोयीचं पडेल?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘ओलं पोरांनाच खाली आणून ठेवू द्या, मला जिन्यावरून गळकी बादली नको. कागद मला कोरडा द्या, मी पोत्यात दाबून भरीन.’ आमच्या दोन बैठकांत जे सुटलं नव्हतं ते दहा मिनिटांत सुटलं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळत आले आहे. ज्याची पुढची सोय झाली आहे, तेवढंच मुलांना वेगळं करायला सांगायचं. सुरुवात शेवटाकडून करायची. तुमच्या शाळेतला कागद महिन्याला कोण घेऊन जाईल? ओल्यासाठी आवारात नळापासून फार लांब नाही असा एक कोपरा मिळेल का? घंटागाडी किती वाजता येते आणि त्या वेळी फाटकाशी कोण असतं? याची उत्तरं हातात आली की डबे आपोआप ठरतात. फक्त कागदाचीच सोय झाली असेल, तर सध्या फक्त कागद वेगळा काढा. एक गोष्ट शेवटपर्यंत पोहोचलेली मुलांनी डोळ्यांनी पाहिली की पुढच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास बसतो. आणि गाडी पाथर्डीच्या खत प्रकल्पाकडे जाते, हेही त्यांना सांगा. नाशिकची मुलं घंटागाडीची घंटा पाळण्यात असल्यापासून ऐकतात, पण ती गाडी पुढे कुठे जाते हे फार थोड्यांना माहीत असतं.

नियमांचं म्हणाल, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवणं सगळ्यांवर बंधनकारक केलं होतं, २०२६ च्या नव्या नियमांनी ते चार केले. घातक भागात सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगांचे डबे येतात. ते तुमच्या मुलांच्या हाताला लागता कामा नये. काच, सुया, ब्लेड, वापरलेले डायपर हेही नाही. मुलांना एवढंच शिकवा, की असं काही दिसलं तर हात न लावता मोठ्यांना बोलवायचं.

आता घाई होतेय का, याबद्दल. मला वाटतं, आठव्या वर्षी दोन गोष्टी जोरात असतात. मोजायची हौस आणि ‘हे बरोबर नाही’ असं ठणकावून सांगायची ताकद. या विषयाला या दोन्ही लागतात. या वयाला झेपत नाही ती भीती. पेटलेले कचऱ्याचे डोंगर, प्लास्टिक गिळून मेलेली जनावरं, असे व्हिडिओ वर्गात दाखवू नका. ज्या गोष्टीवर मुलाचा काही इलाज चालत नाही, ती दाखवून त्याला फक्त रात्रीची झोप लागत नाही. त्याच्या हातात येईल एवढा प्रश्न त्याला द्या.

तसा प्रश्न वर्गातल्या डब्यातच असतो. एका शुक्रवारी आम्ही आमचा डबा उपडा केला. जुन्या वर्तमानपत्राची चार पानं जमिनीवर जोडून अंथरली, मी हातमोजे घातले, मुलं गोल करून बसली. मी चिमट्याने एकेक वस्तू उचलायची, मुलांनी तिचं नाव सांगायचं आणि कुठल्या ढिगात जाईल ते ठरवायचं. पेन्सिलची सालं, लाल-काळ्या कडांची, वाऱ्याने उडायला लागली म्हणून पंखा बंद करावा लागला. अर्धी पोळी निघाली, आत गवारीची भाजी तशीच गुंडाळलेली. वहीच्या पानांचे बोळे उलगडले तर सात पानं एका बाजूने कोरी. आणि चॉकलेटचे कागद, सोनेरी, जांभळे, एकमेकांना चिकटलेले. मोजले, एकतीस. त्या दिवशी वर्गात एकाचा वाढदिवस होता. ‘बाई, हे आजचंच?’ एकाने विचारलं. हो, आजचंच. पोळी निघाली तेव्हा एक मुलगा मान खाली घालून बसला होता. पोळी कुणाची हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. डबा उघडायचा तो वस्तू बघायला, मुलं पकडायला नव्हे.

मग हिशेब करा. तुमची मुलं ३६. प्रत्येकाच्या वाढदिवसाला ३६ चॉकलेटं धरली, तर ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६ कागद. सुट्ट्यांतले वाढदिवस वजा केले तरी एका वर्गाचे वर्षाला हजारच्या घरात. गुणाकार तिसरीला जड आहे, तो फळ्यावर तुम्ही करा. पुढचं मात्र मुलांवर सोडा: ‘काय करायचं आपण?’ आमच्या वर्गाने ठरवलं होतं, की वाटायचंच असेल तर घरून डब्यात भरून आणायचं, राजगिऱ्याचे लाडू किंवा चिक्की. फेब्रुवारीत वाढदिवस असलेली एक मुलगी टोपलीभर द्राक्षं घेऊन आली, तिच्या मामाची पिंपळगावला बाग होती. आणि कुणाला काहीच वाटायचं नसेल, तर त्याने त्या दिवशीची गोष्ट निवडायची आणि बाईंनी ती वाचून दाखवायची. हा दुसरा पर्यायच जास्त चालला. दोन आयांनी फाटकाशी गाठून मला सांगितलं, की दर वर्षीच्या चॉकलेटांच्या खर्चातून सुटल्यासारखं वाटलं. तोवर माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं.

हे विस्ताराने लिहिलं, कारण शाळांच्या उपक्रमांत ‘कमी करणं’ नेहमी शेवटी येतं किंवा येतच नाही. पुनर्वापराच्या वस्तू टेबलावर मांडता येतात, त्यांचे फोटो काढता येतात. न झालेल्या कचऱ्याचा फोटो निघत नाही. पण पुनर्चक्रीकरणाला मर्यादा आहेत, आणि मुलांना त्या सोप्या शब्दांत सांगायला हव्यात. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. भंगारातून ॲल्युमिनियम करायला खनिजातून नवं करण्याच्या मानाने साधारण पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून भंगारवाला ॲल्युमिनियमला भाव देतो. कागदाचे धागे दर खेपेला आखूड होत जातात आणि पाच-सात खेपांनंतर त्यांचा कागद होत नाही. प्लास्टिकचा दर्जा दर वेळी उतरत जातो.

आणि वेफर्सचं पाकीट? एक रिकामं पाकीट धुऊन वर्गात न्या, कापून उलगडा, मुलांच्या हातात फिरवा. बाहेरून रंगीत, आतून चंदेरी. प्लास्टिकचे पापुद्रे आणि त्यांच्या जोडीला ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, आतला जिन्नस सर्द होऊ नये, कुरकुरीत राहावा म्हणून. हे पापुद्रे एकमेकांपासून सोडवणं इतकं खर्चाचं आहे, की भंगारवाला हे पाकीट घेत नाही. मुलांना दुकानात उभं असताना वापरता येईल असा प्रश्न इथे सापडतो: ‘याचं रिकामं भंगारवाला घेईल का?’ पाच रुपयांचं पाकीट घ्यायचं की वजनावर मिळणारे शेंगदाणे-फुटाणे, हे मग मूल स्वतः ठरवायला लागतं. रोज तसंच ठरवेल असं नाही. पाकीट घेतलं म्हणून त्याला रागावू नये.

दुधाची पिशवी मात्र भंगारवाला घेतो, आणि तिची एक गंमत आहे जी मुलांना फार आवडते. पिशवीचा कोपरा कापून वेगळा पडला की तो तुकडा इतका लहान असतो, की तो गोळा होतच नाही, मोरीतून वाहत जातो. कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवला की पिशवीबरोबर तोही जातो. हे घरी करून दाखवायचं काम मुलांना द्या. कुणाला काही बोलावं लागत नाही, नुसती कात्री थोडी अलीकडे थांबवायची. प्लास्टिकच्या बाटल्यांच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ आकडे असतात, तेही शोधू द्या. पाण्याच्या बाटलीखाली १ सापडेल. आकड्यावरून प्लास्टिकची जात कळते.

इथून मी त्या मुलाकडे येते, ज्याची आई भंगार गोळा करते. उपक्रम सुरू झाल्यावर चिडवणं सुरू झालं, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा हेतू उलटा होता, पण महिनाभर वर्गात ‘कचरा’ हा शब्द ‘घाण’ या अर्थाने शंभरदा उच्चारला गेला, आणि मुलांनी तो जवळच्या माणसावर नेऊन चिकटवला. चिडवणाऱ्यांशी एकेकट्याने, सरळ बोला: कचरा कुणाचा? ज्याने केला त्याचा. वर्गात या मुलाचं नाव घेऊन किंवा त्याच्याकडे बघून सहानुभूतीचं भाषण देऊ नका, त्याला ते चिडवण्याहून जड जाईल. वर्गातली भाषा मात्र बदला. भंगाराच्या दुकानात कुणी ‘कचरा’ म्हणत नाही, ‘माल’ म्हणतात. कागद हा माल, पुठ्ठा हा माल, बाटली हा माल. तुमच्या वर्गातही निळ्या डब्याला ‘मालाचा डबा’ म्हणा. मालाला चिखल-खरकटं लागलं की भाव पडतो, म्हणून तो कोरडा ठेवायचा. मुलांना हे कारण ‘पर्यावरणासाठी’पेक्षा लवकर पटतं.

त्याच्या आईला कधी शाळेत बोलावून शांतपणे भेटलात का? मी एकदा अशाच एका बाईंशेजारी उभी राहून त्यांचं काम पाहिलं होतं. बाटली हातात आली की अंगठ्याने दाबायची, आवाज ऐकायचा आणि न बघता उजवीकडच्या किंवा डावीकडच्या पोत्यात टाकायची. कडक वाजणारी इकडे, मऊ तिकडे. मी आकडा शोधेपर्यंत त्यांच्या चार बाटल्या झाल्या होत्या. ही जाणकारी तुमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या घरात आहे. पण तिला वर्गासमोर आणायचं की नाही, हे त्या आईने आणि त्या मुलाने ठरवायचं, दोघांना वेगवेगळं विचारून. दोघांपैकी एकाने जरी नको म्हटलं, तर विषय तिथेच सोडा आणि जवळच्या रद्दीच्या दुकानदाराला बोलवा. त्या आईला दुसरंही एक विचारता येईल: शाळेचा कागद आणि बाटल्या दर पंधरा दिवसांनी त्या नेतील का? वर मी ‘पुढची सोय’ म्हणाले, ती कदाचित तुमच्या वर्गाच्या दाराशीच आहे. व्यवहार मुख्याध्यापकांना सांगून, ठरलेल्या वारी, सरळ पद्धतीने करा. उपकार केल्यासारखा नको.

आता आजी. मुलांच्या तोंडून घर सुधारायचं, ही कल्पना आपल्याकडच्या बऱ्याच मोहिमांत असते आणि मला ती पटत नाही. आठ वर्षांच्या मुलाला घरातला शिपाई बनवलं की पहिला वार सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात मऊ माणसावर होतो. आजी निर्माल्य पिशवीत घालून गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर नेतात, कारण देवाची फुलं पायदळी येऊ नयेत. भावना खरी आहे. अडचण पिशवीची आहे, फुलांची नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला वेढून वाहणारा पूर ओसरला, की काठावरच्या कठड्यांना आणि झाडांना पिशव्या आणि चिंध्या कशा लटकतात, हे नाशिककरांना सांगायला नको. त्याचा एखादा फोटो मुलांना दाखवा. पावसाळ्यात एवढ्या लहान मुलांना नदीकाठी मात्र नेऊ नका.

नातवाने घरी जाऊन सांगायचं नाही, विचारायचं. गाडगेबाबा दिवसा हातात झाडू घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात उपदेशाऐवजी समोरच्यांना प्रश्न विचारत जायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. २३ फेब्रुवारीला त्यांची जयंती शाळाशाळांत होते, त्या दिवशी फोटोला हार घालण्याबरोबर ही त्यांची पद्धतही आठवायला हरकत नाही. तेव्हा मुलांना गृहपाठ द्या: आजीला किंवा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून या, ‘तू माझ्याएवढी होतीस तेव्हा घरात कचरा किती व्हायचा? कशाचा व्हायचा? जुने कपडे कुठे जायचे?’ बघा काय काय येतं. बोहारीण येईल, कपड्यांवर भांडी देणारी. जुन्या लुगड्यांची गोधडी येईल. नारळाच्या शेंड्यांनी घासलेली भांडी, दुकानातून कागदाच्या पुडीत आणलेली साखर आणि पुडीचा दोरा गुंडाळून ठेवलेलं रीळ. त्या आजींना मग कुणी शिकवायची गरज उरत नाही, त्याच शिकवायला लागतात. निर्माल्याचं नातवाने एवढंच म्हणावं: ‘आजी, फुलं आपण तुळशीच्या शेजारच्या कुंडीत घालू या का? मी रोज घालीन.’ दोरा काढून टाकला की फुलांची माती होते. आणि गंगेवरच जायचं असेल, तर तिथे ठेवलेल्या निर्माल्य कलशात फुलं घालून पिशवी घरी परत आणायची.

गोधडीवरून प्रदर्शनाचं बोलते. गोधडी ‘टाकाऊतून टिकाऊ’ होती, कारण घरात पांघरूण हवं होतं. गरज आधी, चिंध्या नंतर. तुमच्या प्रदर्शनात क्रम उलटा आहे: आधी वस्तू ठरते, मग तिच्यासाठी कचरा विकत आणला जातो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाटलीला चमकी, फेविकॉल आणि रंग लावला की ती भंगारात जायच्याही लायक राहत नाही. साधी रिकामी बाटली भंगारवाल्याने घेतली असती. सजावटीचं थर्माकोल तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, प्लास्टिकच्या स्ट्रॉ, चमचे, पेले यांच्याबरोबर. महाराष्ट्रात ही बंदी त्याही आधी, २०१८ मध्ये आली. मुलांनी बंदी असलेली वस्तू आणून पर्यावरणाचं बक्षीस घ्यायचं, हे तुम्हालाही बोचतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंत.

प्रदर्शन रद्द करायला सांगू नका. मुख्याध्यापकांनाही वर्षाचा अहवाल द्यायचा असतो, पालकांनाही मुलांचं काम बघायचं असतं. त्यातला माल बदला. पालकांना चिठ्ठी पाठवताना अशी पाठवा: ‘प्रदर्शनासाठी कोणतीही वस्तू विकत आणू नये. घरात दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेली एक वस्तू मुलाबरोबर पाठवावी आणि ती कुणी, कशी दुरुस्त केली ते मुलाने चार ओळींत लिहावं. प्रदर्शन संपल्यावर वस्तू घरी परत न्यावी.’ बटण लावलेला शर्ट, टाके घातलेलं दप्तर, नवा पट्टा टाकलेली चप्पल. त्या निमित्ताने तुमच्या पालकांमधले शिंपी, चांभार, सायकलवाले समोर येतील.

शाळेचं स्वतःचं म्हणून एक काम त्यात ठेवा: वह्या. समजा, प्रत्येक मुलाकडे गेल्या वर्षीच्या चार वह्या आहेत आणि प्रत्येकीत सरासरी दहा पानं कोरी उरली आहेत. ३६ मुलांची मिळून १,४४० पानं झाली. चाळीस पानांची एक कच्ची वही धरली तर बरोबर ३६ वह्या, एकेकाला एक. पानं मुलांनी अलगद सोडवायची, रेघांची आणि चौकटींची वेगळी लावायची. दाभण मोठ्यांच्या हातात, दोरा ओढायला मुलं. मुखपृष्ठाला जुन्या कॅलेंडरची पानं, आकडे आतल्या बाजूला. वापरून संपलेली पानं मालाच्या डब्यात. या वह्यांवर मुलं किती जपून लिहितात ते बघाच.

आणि एक प्रयोग या आठवड्यातच सुरू करा, म्हणजे जानेवारीला तयार होईल. आपल्याकडे कांद्याची जाळीदार लाल पिशवी कुठेही मिळते. तिच्यात केळीचं साल, पोळीचा तुकडा, कांद्याची टरफलं, वहीचं एक पान, सुती चिंधी आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा भरा. आवारात वीतभर खोल खड्डा करून पुरा आणि वर खुणेची काठी रोवा. पुरण्याआधी प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या, त्याला काय वाटतं, काय उरेल. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरा. आम्ही उकरलं तेव्हा साल आणि पोळी शोधूनही सापडेनात, कागदाचा ओला गाळ झाला होता, चिंधीला भोकं पडून ती हातात घेताच तुटली. पाकिटावरची माती मात्र एका मुलाने अंगठ्याने पुसली आणि खालची अक्षरं अख्खी वाचून दाखवली, किमतीसकट. सगळे त्या तुकड्याकडे बघत असताना मागून एक जण म्हणाला, ‘बाई, पिशवी पण तशीच आहे.’ कांद्याची जाळी माझ्याही ध्यानात आली नव्हती.

ओल्याचा कोपरा मिळाला, तर जुन्या बादलीला बुडाशी आणि बाजूंना भोकं पाडा. तळाशी काटक्या, वर वाळलेला पाला, मग सालं-देठं, त्यावर पुन्हा पाला. ओल्याच्या दुप्पट सुकं असा अंदाज ठेवा. सुरुवातीला थोडं शेणखत किंवा वाटीभर आंबट ताक घातलं की काम लवकर धरतं. आतला माल पिळून काढलेल्या फडक्याइतका ओलसर हवा. वास आला तर ओलं जास्त झालंय, पाला वाढवा. मुंग्या आल्या तर कोरडं झालंय, पाणी शिंपडा. तेलकट भाजी आणि पोषण आहाराची उरलेली खिचडी सुरुवातीला घालू नका, उंदीर येतात. खिचडी रोज बादलीभर उरत असेल, तर ताटात आधी थोडी वाढा आणि पुन्हा मागायला मोकळीक द्या. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. तो वास मुलांना घेऊ द्या, हात मात्र नंतर साबणाने धुवायचे.

घरी हेच करू पाहणाऱ्या आईवडिलांनाही मी यातलं एखादंच उचला असं सांगेन, दुधाच्या पिशवीचा कोपरा किंवा पुरलेली जाळी. एकदम सगळं सुरू केलेली घरं पंधरा दिवसांत दमतात.

तुम्ही सोमवारी प्रार्थनेच्या आधी थोड्या लवकर जा आणि मावशींशी बोला. त्यांनी जे सांगितलं ते वहीत लिहून घ्या. मग वर्गात त्या मुलीला उभं करा, आणि मावशींना जमत असेल तर पाच मिनिटं वर्गात येऊ द्या, म्हणजे तिला तिचा प्रश्न त्यांनाच विचारता येईल. मावशी म्हणतील, गोणी एकच आहे. मग दुसरी गोणी कुठून आणायची, हे ३६ मुलांना ठरवू द्या.